बरं आहे म्हणणारी माणसं

माझ्या टेबलाला ऑफिसात ‘हातपायांचं टेबल’ म्हणत. जन्ममृत्यूचं टेबल खिडकीजवळ, घरपट्टीचं दारासमोर, आणि त्या दोघांच्या मधे, पंख्याचा वारा जिथे पोचायचाच नाही, तिथे मी. बुऱ्हाणपुरात तेव्हा नगरपालिकेला सगळे कमेटीच म्हणायचे. कमेटीच्या कामावर असताना कुणाचा हात मोडला, कुणाच्या पायावरून गाडीचं चाक गेलं, कुणाच्या डोळ्यात चुना उडाला, की तो माणूस माझ्यासमोर येऊन उभा राहायचा. इजा कशी झाली, केवढी झाली, माणूस पुन्हा त्या कामाचा होणार की नाही, हे सगळं मी विचारायचं, घरी जाऊन खात्री करायची आणि भरपाई द्यावी की नाही याचं मत लिहायचं. हे मत मग बाहेरून येणाऱ्या सरकारी साहेबांपुढे जाई, आणि शेवटचा शब्द त्यांचा. घरपट्टीवाले मला ‘मोडक्या माणसांचा मुकादम’ म्हणून चिडवायचे. मी चिडायचोही, कारण चिडणं हा माझा स्वभावच आहे, पण ते टेबल मला मनापासून आवडायचं.

ही हकीकत राजधानीचं नागपूर सुटून भोपाळ आलं त्या सुमाराची. नवा मध्य प्रदेश नुकताच जुळला होता. गोधडीला वेगवेगळ्या लुगड्यांचे तुकडे जोडावेत तसे चारी बाजूंचे मुलूख एकत्र शिवले होते आणि टाके अजून ओले होते. आमचे जुने नागपुरी धाटणीचे कागद भोपाळला गेले की तिथे कुणाला उमजत नसत, आणि तिकडून आलेला हुकूम आमच्या हेडक्लार्कनी, म्हणजे बडेबाबूंनी, दोनदा मोठ्याने वाचला तरी आम्हाला कळत नसे. कोण कुणाच्या वर आणि कोण कुणाच्या खाली याची यादी तयार होता होता काही माणसं रिटायरसुद्धा झाली. माझ्या टेबलावर तर कायदा इंग्रजीत, हुकूम हिंदीत, आणि समोरचा माणूस मराठी, हिंदी अन् खानदेशी एका दमात बोलणारा. तरी आमचं चालायचं.

खरी अडचण राज्याची नव्हतीच. खरी अडचण होती आमच्या माणसांच्या आदबीची. तापीकाठच्या या गावात मोठ्या माणसाने ‘कसं काय’ विचारलं, तर ‘बरं आहे, तुमची कृपा’ याखेरीज दुसरं उत्तर नसतं. घरात दुखणाईत असो, पावसाने केळी आडवी पडलेली असोत, आधी बरं आहे म्हणायचं, पाहुण्याला पाणी द्यायचं, आणि दुःखाचं जे काही असेल ते तो गेल्यावर आपसात बोलायचं. पाहुण्याच्या अंगावर आपली रडकथा टाकणं म्हणजे त्याला जेवायला बोलावून खरकटं वाढण्यासारखं. आता मी जायचो इजा तपासायला. म्हणजे माझं कामच मुळी लोकांची रडकथा ऐकण्याचं. आणि मी येतोय म्हटल्यावर ते घर झाडून, सारवून, इजेलासुद्धा जणू धुऊनपुसून माझ्यापुढे ठेवायचे.

रस्ते झाडणारी एक बाई होती, तिच्या पायावर बैलगाडी चढली होती. मी गेलो तर ती बाजेवरून उठली आणि लंगडत नाही हे दाखवायला दारापर्यंत चालत आली. दिवाबत्तीच्या खात्यातला एकजण भाजला होता. त्याने माझ्यासाठी नवीन सदरा घातला आणि सदऱ्याखाली पट्टी ओली होत होती. मी ओरडायचो. ‘अरे, मी भरपाई द्यायला आलोय, तुझं लग्न जमवायला नाही!’ असं म्हटलं की सगळं घर हसायचं, आणि हसता हसता पुन्हा तेच, बरं आहे बाबूजी.

घरी येऊन मी हे बायकोला सांगे. ती नदीपलीकडच्या जैनाबादची, केळी-कापसाच्या घरातली. भाकरी थापता थापता ऐकून घ्यायची आणि म्हणायची, ‘आणि तुम्ही? परवा अंगात ताप होता. बडेबाबूंनी विचारलं तर काय म्हणालात?’ मी म्हणालो होतो, एकदम ठीक हूँ साहब. यावर मी भाकरी करपलीय म्हणायचो.

या सगळ्या बरं आहे म्हणणाऱ्यांचा राजा म्हणजे कुंड्यांवरचा उस्ताद.

गावाबाहेर जुन्या काळच्या विहिरींची एक लांब रांग आहे. वरून पाहिलं तर रानात ओळीने उभे असलेले गोल कठडे, एवढंच. खाली मात्र एका विहिरीतून दुसरीत जाणारा बोगदा आहे आणि डोंगराकडचं पाणी त्यातून आपल्या पायांनी गावाकडे येतं. आम्ही त्यांना कुंड्या म्हणतो. पाण्यात चुना फार. त्याचे थर भिंतींवर चढत जातात आणि वेळोवेळी खरवडून काढले नाहीत तर वाट बुजते. हे काम करणारी कमेटीची एक लहानशी टोळी होती. दोराला बांधलेल्या फळीवर बसून एकेक माणूस खाली उतरे, गार पाण्यात उभा राहून छिन्नी-हातोड्याने थर पाडे आणि वरचे त्याला ओढून घेत. या टोळीत जो सगळ्यांत जुना होता त्याला सगळे उस्ताद म्हणत. उंच, काटक, मिशा पिकलेल्या, आणि बोलणं इतकं मऊ की रागावणाऱ्यालाच लाज वाटावी.

एके दिवशी थर पाडताना वरचा एक मोठा ढलपा सुटला आणि त्याच्या उजव्या खांद्यावर बसला. कुणाची चूक नव्हती, ते कामच तसं. सोबत्यांनी त्याला वर काढलं, दवाखान्यात नेलं, हाड बसवलं. काही महिन्यांनी हाड जुळलं. पण पंज्यात जोर आला नाही तो नाहीच. बोटं मिटत, पण मिटलेली टिकत नसत.

आता दाव्याचा निकाल डॉक्टरांच्या मतावर बराचसा अवलंबून. आणि डॉक्टरांनी विचारलं, ‘दर्द है?’ तेव्हा उस्तादने काय म्हणावं? ‘कहाँ का दर्द हुजूर, आपके हाथ में तो जादू है.’ डॉक्टर भले गृहस्थ, खूश झाले. त्यांनी लिहिलं, पूर्ण बरा, कामावर जाण्यास योग्य. तो कागद माझ्या टेबलावर आला तेव्हा मी तो वाचला आणि टेबलावर असा आपटला की शेजारच्या जन्ममृत्यूवाल्याची शाई सांडली.

खात्री करायला मी त्याच्या घरी गेलो. राजघाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत त्याचं दोन खोल्यांचं घर. उस्ताद दारातच उभा होता, इस्तरीचा सदरा, डोक्याला साफा. ‘या बाबूजी, या. मले काय झालं? बराय ना मी.’ मी बसलो. त्याच्या बायकोने आत चहा केला आणि कपबशी त्याच्याजवळ दिली. पाहुण्याला डाव्या हाताने काही द्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. उस्तादने बशी उजव्या हातात धरली. कप खडखड वाजायला लागला. दोन पावलांचं अंतर, पण ते पार होईपर्यंत निम्मा चहा बशीत, थोडा माझ्या धोतरावर. ‘कप गरम हाये जरा,’ उस्ताद हसून म्हणाला. मी उरलेला चहा प्यालो आणि धोतर झटकत उठलो. बोललो असतो तर मोठ्याने बोललो असतो.

निघालो तेव्हा त्याची बायको गल्लीच्या वळणापर्यंत माझ्यामागे आली. पदर डोक्यावर ओढून, घराकडे एकदा बघून ती म्हणाली, ‘भाऊ, यायच्या बोलण्यावर जाऊ नका. सदरा मी घालून देते. गुंड्या मी लावते. भाकरीचा तुकडा मोडता येत नाही त्या हातानं, डाव्यानं जेवतात, अन् कोणी आलं की हात लपवतात. तुमाले सांगतील बरं हाये. मरून पडले तरी बरंच हाये म्हणतील.’

मी म्हटलं, ‘वहिनी, कागदावर ते धडधाकट आहेत. पावसाळा सरला की कुंड्यांची साफसफाई सुरू होणार. तेव्हा त्यांना खाली उतरावं लागेल.’

‘तेच तं,’ ती म्हणाली. ‘नाही उतरले तं नोकरी गेली. उतरले अन् हात सुटला, तं मी कोणाले विचारू?’ तिचे डोळे कोरडे होते. रडत असती तर मला सोपं गेलं असतं.

त्या दिवसापासून उस्तादचा दावा माझ्या मानेवर बसला. मी कमेटीचा माणूस, म्हणजे कायद्याने त्याच्या समोरच्या बाजूचा. पण कमेटीचा असलो म्हणून डोळे फोडून थोडेच घेतले होते? इजा कायमची आहे, याला बसून करायचं काम द्यावं आणि भरपाई द्यावी, असं मत मी लिहिलं. बडेबाबूंनी चष्मा कपाळावर सारला. ‘मियाँ,’ ते म्हणाले. मी मियाँ नव्हतो, पण चिडले की ते सगळ्यांनाच मियाँ म्हणत. ‘जो आदमी खुद बोल रहा है मैं ठीक हूँ, उसको तुम अपाहिज कैसे लिखोगे? साहब आनेवाले हैं. उनके सामने बोलने दो उसको. बोलेगा तो मिलेगा.’ बडेबाबूंचं चुकत नव्हतं. अशा माणसाशी भांडायला फार जड जातं.

म्हणून मग मी उस्तादला शिकवायला घेतलं. दुपारी ऑफिस ओसरलं की त्याला व्हरांड्यात बोलवायचो. ‘उस्ताद, साहेब विचारतील हात कसा आहे. तुम्ही काय म्हणणार?’

‘बरा हाये म्हणीन.’

‘नाही! दुखतो म्हणायचं. जोर नाही म्हणायचं. म्हणा बघू.’

तो इकडे बघे, तिकडे बघे, मिशीवरून डावा हात फिरवी आणि नव्या नवरीने नाव घ्यावं तसं हळूच म्हणे, ‘दुखते थोडं.’

‘थोडं काढून टाका!’

‘बाबूजी, तुम्ही घरचे. तुमच्यासमोर म्हणीन. पण साहेब नवीन माणूस, दुरून येणार. आल्या आल्या त्यायले मी माझं दुखणं सांगू? काय म्हणतील, कसे लोक हायेत बुऱ्हाणपूरचे?’

‘बुऱ्हाणपूरची अब्रू तुमच्या एका खांद्यावर नाहीये, उस्ताद!’ मी ओरडलो. आतून बडेबाबू खोकले. उस्ताद मात्र खरोखर विचारात पडला, की असेल तर काय घ्या.

मला त्याचा राग यायचा आणि रागासोबतच माया यायची, दोन्ही एकाच वेळी, आणि दोन्हीला जागा पुरेशी नसायची. माझे वडील असेच होते. बहुतेकांचे वडील असेच असतात.

साहेब आले. नव्या राज्यात बदली होऊन ग्वाल्हेरकडून आलेले, तरुण, गोरेपान, शुद्ध हिंदी बोलणारे. मला वाटलं होतं कुणी खडूस येईल, म्हणजे मला भांडता येईल. हे निघाले अतिशय सज्जन. त्यांनी उस्तादला खुर्ची दिली, पाणी विचारलं. सज्जन साहेब आला की आमच्या लोकांची आदब आणखी वाढते, हे मला माहीत होतं. 

‘घबराइए मत,’ साहेब म्हणाले. ‘बताइए, अब हाथ कैसा है?’

उस्तादने माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मोठे केले. त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाला, ‘ठीक है हुजूर. आपकी दुआ से.’

‘तकलीफ़ तो नहीं?’

‘इत्ती-सी तो सबको होती है हुजूर.’

‘ज़रा ऊपर उठाकर दिखाइए.’

इथे तरी सुटका होईल असं मला वाटलं. आणि उस्तादने हात उचलला. खांद्याच्या वर, कानाच्या वर, पार डोक्याच्या वर सरळ. ओठ मिशीखाली दाबलेले, कपाळावर घाम फुटलेला, आणि चेहऱ्यावर हसू. साहेबांनी सांगितलं आणि केलं नाही, असं कसं होईल? साहेब म्हणाले, ‘शाबाश.’ मागे भिंतीशी टोळीतले लोक बसले होते, त्यांनी माना खाली घातल्या.

मला राहवलं नाही. मी उठून म्हणालो, ‘साहब, इनको बोलिए कमीज़ उतारकर फिर पहनें. बटन लगाएँ.’ साहेबांनी उस्तादकडे पाहिलं. उस्तादने दोन्ही कान पकडले, म्हणजे डाव्याने डावा पकडला, उजव्याची बोटं कानाला नुसती टेकली. ‘राम राम हुजूर, आपके सामने कपड़े उतारूँ? इतना बेअदब नहीं हूँ.’ साहेब हसले, सगळे हसले, आणि साहेबांनी मला बसण्याची खूण केली. दावा तिथेच निकालात निघाल्यासारखा होता. संध्याकाळपर्यंत आपण लेखी निर्णय देऊ, असं म्हणून ते उठले.

मग त्यांनीच सहज विचारलं, कुंड्यांबद्दल मी फार ऐकलंय, जाण्याआधी बघता येतील का? खाली उतरता येईल का? बडेबाबूंनी लगेच मान डोलावली. साहेब जीपने निघाले. टोळी सायकलींवर पुढे गेली. मी टांगा केला आणि उस्तादला त्यात घातलं. वाटेत तो दोनदा म्हणाला, ‘साहेब चांगले हायेत नाही?’ मी रस्त्याकडेच्या केळीच्या बागांकडे बघत राहिलो.

कुंडीवर चाक लावलेलं होतं, दोर टाकलेला होता, फळी बांधलेली होती. पाहुणा उतरायचा असला की पुढचा दोर टोळीतल्या सगळ्यांत जुन्या माणसाने धरायचा, हा त्यांचा मान. मागे आणखी दोघे असतात, पण भार येतो तो पुढच्यावर. उस्ताद टांग्यातून उतरला तो सरळ चाकापाशी गेला आणि दोर हातात घेऊन उभा राहिला. कुणी त्याला नको म्हणालं नाही. त्यांच्यात तसं म्हणत नाहीत.

टोळीतल्या एकाने साहेबांना फळीवर कसं बसायचं ते दाखवलं आणि त्यांची रीत सांगितली. उतरणाऱ्याने पाय सोडण्याआधी फळीबद्दल विचारायचं, ‘धरली?’ आणि दोर धरणाऱ्याने म्हणायचं, ‘धरली.’ तो शब्द आल्याशिवाय कुणी कठड्यावरून हलायचं नाही, मग राजा असो की कमेटीचा अध्यक्ष. कितीतरी वर्षं हा शब्द तिथे बोलला जातोय आणि त्यांच्या बापजाद्यांपासून तो एकदाही खोटा बोलला गेला नाही, असं ते सांगतात. साहेबांना ते फार आवडलं. लहान मुलासारखे खूश होऊन ते फळीवर बसले, दोन्ही हातांनी दोर धरला, कठड्यावर पाय टेकले आणि आपल्या ग्वाल्हेरी जिभेने विचारलं, ‘धरली?’

विचारता विचारता ते जरासे मागे रेलले. दोराला थोडा ताण आला. मी उस्तादच्या उजव्या हाताकडे बघत होतो. पंजा उघडला. आपोआप उघडला, आणि दोर डाव्या हातावर गेला. मागच्या दोघांनी घट्ट आवळून घेतला, त्यामुळे साहेबांना कळलंसुद्धा नाही. त्यांनी हसत पुन्हा विचारलं, ‘क्यों उस्ताद, धरली?’

उस्तादने आपल्या उघड्या पंज्याकडे पाहिलं. मागे उभा असलेला त्याचा सोबती दबक्या आवाजात म्हणाला, ‘म्हण ना, आम्ही हाओत मागं.’ उस्तादने मान हलवली. त्याचा चेहरा असा झाला होता की मी पुढे झालो. त्याने दोर सोबत्याच्या हातात दिला, दोन पावलं मागे सरला, हात जोडले. डावा नीट, उजवा त्यावर कसातरी.

‘नहीं हुजूर,’ तो म्हणाला. ‘नहीं पकड़ी.’

साहेब फळीवरून वळून बघायला लागले.

‘मेरे हाथ में दम नहीं है. उधर आपने बोला था उठाओ, तो उठा दिया. उठता है हुजूर. पकड़ता नहीं. उधर की बात और थी, उधर मेरी अपनी बात थी. इधर आपकी जान है. इधर मैं झूठ नहीं बोल सकता.’

एवढं लांब तो माझ्यासमोर कधी बोलला नव्हता. सगळ्या टोळीसमोर, आपल्या कुंडीवर, जिथे त्याला उस्ताद म्हणत, तिथे तो हे बोलला आणि जमिनीकडे बघत उभा राहिला.  व्हरांड्यात इतक्या दुपारी मी त्याला जे म्हणायला लावत होतो ते त्याला स्वतःसाठी कधीच जमलं नसतं, हे मला त्या क्षणी कळलं आणि त्याच्यावर चिडण्याचं माझ्यात काही उरलं नाही.

साहेब फळीवरून उतरले. उस्तादजवळ गेले आणि आपली दोन बोटं त्याच्या उजव्या पंज्यात ठेवली. ‘दबाइए,’ ते म्हणाले, ‘जितना हो सके. और इस बार सच.’ उस्तादने दाबलं. साहेबांनी हळूच बोटं काढून घेतली. काढायला काही जोर लागला नाही.  मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘आपने अपनी राय में ठीक लिखा था. मैं उसी को मानूँगा.’ त्यांनी कुंडीत उतरायचं टाळलं. वरूनच डोकावून पाणी पाहिलं, टोळीतल्या प्रत्येकाला नमस्कार केला आणि जीपमध्ये बसले. उस्तादला भरपाई आणि पाण्याच्या टाकीवर बसून करायचं काम, दोन्ही त्या दिवशीच ठरलं.

परतीच्या टांग्यात उस्ताद मागे कुंड्यांकडे बघत होता. मी मात्र खुशीत होतो, आणि खुशीत असलो की मी बडबडतो. आता म्हैस घ्या, वहिनींची हौस आहे, टाकीवर सावलीत बसा, असं काय काय मी बोलत होतो. तो ऐकत नव्हता. गावाची वेस आली तेव्हा त्याने विचारलं, ‘बाबूजी, साहेबायले वाईट तं नसन वाटलं?’

‘कशाचं?’

‘पाहुणा माणूस. एवढ्या हौसेनं फळीवर बसला. अन् माझ्यापायी खाली न उतरता गेला.’

मी त्याला झापायला तोंड उघडलं. पण त्याला खरोखर तीच काळजी होती. भरपाई, नोकरी, म्हैस, यातलं काही त्याच्या मनात नव्हतं. मी म्हणालो, ‘नाही उस्ताद. नाही वाटलं वाईट.’

‘मग बरं झालं,’ तो म्हणाला.

टांगा त्याच्या गल्लीच्या तोंडाशी थांबला. खालच्या घराच्या दारात त्याची बायको उभी दिसत होती. एरवी तो टांगा थांबायच्या आधीच डाव्या हाताने दांडी धरून उडी मारायचा, मदतीला कुणी पुढे आलं तर त्यालाच बाजूला सारायचा. त्या दिवशी तो बसून राहिला. मी खाली उतरून उभा होतो, टांगेवाला मागे वळून बघत होता. उस्तादने उजवा हात मांडीवर घेतला, त्यावर डावा ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘बाबूजी, जरा उतरवता का मले? लय दुखू राह्यलं.’

मी दोन्ही हातांनी त्याला धरून खाली उतरवलं.